फोर्सिथियाखालची टर्कीण

माझे सासरे आमच्याकडे राहायला आले ते दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये. सासूबाई आदल्या डिसेंबरात गेल्या होत्या. तेव्हा नवरा एकटाच नागपूरला जाऊन आला होता. माझ्या व्हिसाची मुदत संपलेली होती. मी गेले असते तर सेमिस्टर सुरू व्हायच्या आत परत येता येईल याची खात्री नव्हती. तशी मी सासूबाईंना ओळखतच नव्हते म्हणा. लग्न झालं, आठवडाभर नागपूरच्या घरी राहिलो आणि आम्ही दोघं विमानात बसलो. पुढे दर रविवारी फोन. थंडी किती आहे, जेवलात का, अभ्यास कसा चाललाय, एवढंच बोलणं. त्यामुळे बाबा आले तेव्हा त्यांच्याशी त्यांच्या दुःखाबद्दल बोलायचं तरी कसं, हे मला कळत नव्हतं. तेही बोलत नव्हते.

आम्ही दोघंही पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला शिकत होतो. नवरा पीएचडी करत होता आणि दिवसाचे बारा तास लॅबमध्ये असायचा. मी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करत होते आणि थीसिसचं बरंचसं काम घरी बसून चालायचं. कॅम्पसजवळच्या अपार्टमेंट्समधला गोंगाट नको म्हणून आम्ही बसच्या शेवटच्या स्टॉपपाशी एका जुन्या घराचा खालचा मजला घेतला होता. मागे गवताचं अंगण, त्यापलीकडे मक्याचं शेत, आणि शेत संपलं की जंगल जे सुरू व्हायचं ते थेट डोंगरावर चढायचं. शेजारी एकच घर होतं. तिथे सत्तरीच्या एक अमेरिकन बाई एकट्या राहायच्या. दोन घरांच्या मधोमध फोर्सिथियाचं भलंमोठं झुडूप होतं. बाबा आले त्या आठवड्यात ते पिवळ्या फुलांनी भरलेलं होतं, एकही पान दिसत नव्हतं.

जेट लॅगमुळे बाबांना पहाटे चारलाच जाग यायची. ते आवाज न करता उठायचे, स्वतःचा चहा करून घ्यायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी उठून आले तर म्हणाले, "बेटा, इकडे कोंबड्या झाडावर राहतात का?"

"कोंबड्या?"

"मोठ्या. काळ्या. त्या तिकडच्या झाडांवरून धपाधप खाली येऊन राहिल्या होत्या. एकीमागून एक."

मला वाटलं, झोप पूर्ण झालेली नाही, अर्धवट उजेडात काहीतरी दिसलं असेल. पण दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर उठले. शेताच्या टोकाला हेमलॉकची उंच, सदाहरित झाडं होती. त्यांच्या फांद्यांवर गाठोडी टांगल्यासारखं काहीतरी काळं दिसत होतं. उजेड थोडा वाढला तशी त्यातल्या एका गाठोड्याने मान वर काढली, अंग झाडलं, फांदीवर थोडं पुढे सरकलं आणि पंखांचा मोठा फडफडाट करत शेतात उतरलं. मग दुसरं. मग एकदम तीन-चार. खाली उतरल्यावर सगळी जणू काही झालंच नाही अशी मक्याच्या खुंटांमधून दाणे टिपायला लागली.

"टर्की आहेत बाबा," मी म्हटलं.

"उडतात?"

हे मलाही माहीत नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी इथे चार वर्षं आहे यार, मला त्या फक्त सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये दिसल्यात."

माहिती दिली ती शेजारच्या बाईंनी. त्यांचे यजमान शिकारीला जायचे, त्यामुळे टर्कीबद्दल त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं होतं. त्या म्हणाल्या, दिवस जमिनीवर आणि रात्र झाडावर, असा यांचा नेम. हिवाळ्यात हेमलॉक नाहीतर पाइनच्या दाट फांद्यांत बसतात, म्हणजे वारा लागत नाही. आता वसंत आला की थवा मोडेल आणि माद्या एकेकट्या निघून जातील, घरटी करायला. नर काहीएक मदत करत नाहीत. बाबांना त्यांचं इंग्रजी नीट कळत होतं. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली, इंग्रजी फायलींतच गेलेली. पण बाबांचं बोललेलं बाईंना कळायला वेळ लागायचा. तरी दोघं कुंपण नसलेल्या त्या हद्दीवर उभे राहून बराच वेळ बोलले. बाबा आल्यापासून इतका वेळ कुणाशी बोलले नव्हते.

महिनाअखेरीस तसंच झालं. हेमलॉकवरची गाठोडी कमी होत गेली. एक मादी मात्र रोज सकाळी आमच्या अंगणाच्या कडेने जायची आणि शेताच्या बांधावर आडव्या पडलेल्या एका ओकच्या मागे दिसेनाशी व्हायची. बाबांनी तिचं नाव टर्कीण ठेवलं. मादी म्हणणं त्यांना बरं वाटत नव्हतं. ती गेल्यावर एके दुपारी ते काठी घेऊन तिकडे गेले आणि परत येऊन हळूच म्हणाले, "अंडी आहेत. वर वाळकी पानं टाकून गेली आहे. झाकून!"

बाईंनी त्यांना बजावलं की पुन्हा तिकडे जाऊ नका. ती अजून अंडी घालतेय, रोज एखादं. या काळात तिला कुणी हुसकावलं तर ती घरटं सोडून देते. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की मीसुद्धा अंगणात वाळत घातलेले कपडे काढताना जोरात बोलायचं नाही, असा हुकूम निघाला.

मे महिन्यात एका सकाळी ते अस्वस्थ दिसले. टर्कीण संध्याकाळी झाडावर चढलीच नव्हती. इतके दिवस ती दिवसा अंडं घालून, संध्याकाळी हेमलॉकवर जायची. काल ती ओकच्या मागे गेली आणि बाहेर आली नाही.

"खुडूक बसली असेल," मी म्हटलं. माझ्या आजोळी कोंबड्या होत्या, तेवढं मला ठाऊक होतं.

"हो ना. पण रात्रभर खाली? एकटी?"

बाईंना विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं. अंडी पुरी झाली की ती उबवायला बसते, आणि मग रात्रीसुद्धा जमिनीवरच. साधारण चार आठवडे. दिवसातून एकदा खायला-प्यायला उठते तेवढंच. कोल्हा, मांजराएवढा तो रकून, घुबड, सगळ्यांचा धोका तेव्हा असतो. बाबांनी ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी जेवताना ते एकदम म्हणाले, "ज्या वेळी झाडावर बसायची सगळ्यात जास्त गरज, त्याच वेळी हिला खाली बसावं लागतं." नवरा थीसिस कमिटीच्या मेलमध्ये बुडालेला होता, त्याने नुसतं हं म्हटलं.

आणि पुढच्याच आठवड्यात ते घडलं. सकाळी बाबा खिडकीत बसले होते, तर टर्कीण हेमलॉकवरून उतरताना त्यांना दिसली. म्हणजे रात्री ती घरट्यावर नव्हती. ते काठी घेऊन गेले, मीही मागोमाग गेले. ओकच्या मागच्या खळग्यात पानं विस्कटलेली होती. ठिपक्याठिपक्यांची फिकट टरफलं बांधावर लांबपर्यंत पडलेली होती. एकही अंडं शाबूत नव्हतं. बाईंनी चिखलातले ठसे पाहिले, म्हणाल्या, रकून. छोट्या हातासारखे ठसे होते ते.

बाबांनी एक टरफल उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, परत ठेवलं. घरी आल्यावर चहा नको म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीत बसेनासे झाले. जाग यायची, पण पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहायचे. मी नाष्ट्याला हाक मारली की यायचे, खाऊन परत जायचे. बायको गेल्याचं दुःख आणि पक्ष्याची अंडी गेल्याचं दुःख यांची तुलना करायची नसते हे मला कळत होतं. पण आल्यापासून त्यांनी ज्या एका गोष्टीत जीव घातला होता ती अशी संपली होती.

मला त्यांना बाहेर काढायचं होतं आणि कसं ते सुचत नव्हतं. शेवटी शेजारच्या बाईंनीच ते केलं. एका दुपारी त्यांनी रुबार्बचा 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, आणून दिला. ती लालसर, आंबट भाजी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. दुसरा घास घेऊन म्हणाले, "ही तर अंबाडी आहे." मग ते स्वतःहून बाईंकडे गेले आणि हे कुठे उगवतं म्हणून विचारलं. बाईंनी परसातला वाफा दाखवला. बाबा ती रुंद हिरवी पानं खुडायला वाकले. त्यांना वाटलं पानांची भाजी होईल. बाई धावत आल्या आणि त्यांचा हात धरला. पानं विषारी असतात, खायची ती फक्त देठं. त्या संध्याकाळी बाबांनी देठं घालून आंबट वरण केलं, वर लसणाची फोडणी. वाटीभर बाईंना नेऊन दिलं. त्यांनी चमचाभर खाल्लं, पाणी प्यायल्या, आणि उरलेलं ठेवून जा म्हणाल्या.

तेव्हाच त्यांनी बाबांना सांगितलं की टर्की हार मानत नाही. पहिलं घरटं गेलं तर बऱ्याचदा दुसरं करते. अंडी कमी असतात, पण करते.

जूनच्या सुरुवातीला तिने केलं. तेही कुठे, तर आमच्या आणि बाईंच्या घरामधल्या त्या फोर्सिथियाखाली. फुलं कधीच गळून गेली होती, आता ते झुडूप पानांनी इतकं दाट झालं होतं की आत मांजर बसलं तरी दिसलं नसतं. बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्याच्यावर होती. त्यांनी भांडी घासता घासता तिला आत शिरताना पाहिलं आणि आम्हाला फोन केला. मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "इथे? माणसांत?"

"कदाचित माणसांच्या जवळ रकून येत नसेल," मी म्हटलं. हे खरं नव्हतं, आमच्या कचऱ्याच्या डब्यापाशी ते रोज यायचे. पण बाबांनी मानलं.

तेव्हापासून सकाळी दहाच्या सुमारास बाबा बाईंकडे जायला लागले. बाई कॉफी करायच्या, हे स्वतःच्या चहाची किटली घेऊन जायचे. दोघं खिडकीशी टेबलावर बसायचे. मी एकदा-दोनदा गेले, तर दोघंही झुडपाकडे बघत बसलेले दिसले. खिडकीतून नीट पाहिलं की पानांच्या आत तिचा काळा डोळा दिसायचा, आणि करड्या-निळ्या डोक्याची एक बाजू. ती हलायची नाही. पाऊस आला की पिसं फुगवून तशीच बसायची. बाईंनी एकदा सांगितलं, यजमान गेल्यापासून सकाळच्या वेळी त्या टेबलावर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. हे त्यांनी मला सांगितलं, बाबांना नव्हे.

एका शुक्रवारी गवत कापणारा माणूस आला. घरमालकाने लावलेला, दर आठवड्याला मशीनवर बसून यायचा आणि झुडपाला चिकटून गवत कापायचा. मागच्या वेळी पाऊस होता म्हणून तो आला नव्हता. मी खोलीत थीसिसचं काम करत होते. मशीनचा आवाज आला आणि एकदम बंद झाला. बाहेर जाऊन पाहते तर बाबा पायजमा-बनियनवर मशीनपुढे दोन्ही हात पसरून उभे.

"सर," ते म्हणत होते, "काइंडली लीव्ह धिस पोर्शन. लेडी इज सिटिंग."

तो माणूस घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. मी त्याला झुडपाखाली बघ म्हटलं. तो वाकला, बराच वेळ पाहत राहिला, मग टोपी मागे सरकवून हसला. मशीन चालू न करता ढकलत लांब नेलं आणि तिथून पुढचं गवत कापलं. बाबांनी माझी एक जुनी ओढणी फाडून काठ्यांना बांधली आणि झुडपाभोवती चार बाजूंनी रोवली. पुढच्या शुक्रवारी तो माणूस त्या काठ्यांना वळसा घालून गेला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाईंचा फोन आला, लगेच या. आम्ही तिघंही गेलो. नवऱ्याचीही त्या दिवशी ग्रुप मीटिंग कॅन्सल झाली होती. टर्कीण बसलेलीच होती, पण तिच्या पंखाखालून एक तपकिरी डोकं बाहेर आलं, परत आत गेलं. मग दुसऱ्या बाजूने एक आलं. ती खालच्या आवाजात काहीतरी सारखं बोलत होती, आणि ती बोलली की आतून बारीक चिवचिव यायची.

"आता काय करेल?" बाबांनी बाईंना विचारलं.

बाई म्हणाल्या, सगळी कोरडी झाली की घेऊन जाईल. या घरट्यात परत यायची नाही. टर्कीला घरटं अंड्यांपुरतं लागतं.

दुपारी ती उठली. झुडपाबाहेर आली, थांबली, मान उंच करून चारी बाजूंनी पाहिलं. तिच्यामागून पिल्लं आली, सात-आठ असतील. उंच गवतात ती दिसायचीसुद्धा नाहीत, नुसतं गवत हललेलं दिसायचं. टर्कीण शेताकडे निघाली, दर चार पावलांवर थांबत. बाबा खिडकीला कपाळ लावून उभे होते. ती दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले, "आज रात्री कुठे झोपेल? ही तर उडू शकत नाहीत."

बाईंनी सांगितलं, जमिनीवरच. दोनेक आठवडे ती सगळ्यांना पंखांखाली घेऊन गवतातच रात्र काढते. पंखांत बळ आलं की त्यांना झाडावर चढायला शिकवते. त्याआधी बरीच पिल्लं जातात, असंही त्या म्हणाल्या. काही लपवून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी शेताच्या बांधावरून फिरायला जायला लागले, आणि मी त्यांच्याबरोबर जायला लागले. खरं तर मला दिवसभराच्या कामानंतर पाय मोकळे करायचे होते, आणि त्यांना एकट्याने अंधार पडेपर्यंत बाहेर राहू द्यायला मन होत नव्हतं. आम्हाला ती कधी दिसायची, कधी नाही. एका मोठ्या पावसानंतर तीन दिवस दिसली नाही. बाबा चालताना पुन्हा पुन्हा थांबत होते. चौथ्या दिवशी दिसली. पिल्लं कमी झालेली होती. पाच उरली होती.

जुलै संपता संपता एका संध्याकाळी आम्ही बांधाच्या कोपऱ्यावर थबकलो. तिथे सफरचंदाचं एक जुनं, टाकून दिलेलं झाड होतं. टर्कीण त्याच्याखाली उभी होती. तिने वर पाहिलं, जराशी उकिडवी झाली आणि उडून खालच्या फांदीवर जाऊन बसली. पिल्लं खाली राहिली. ती झाडाभोवती धावायला लागली, ओरडायला लागली. वरून ती शांतपणे बोलत होती, खालच्या आवाजात, तुटक तुटक. मग एक पिल्लू उडालं आणि तिच्याजवळ फांदीवर धडपडत बसलं. थोड्या वेळाने दुसरं. मग दोन एकदम. शेवटचं मात्र उडालं आणि पडलं. पुन्हा उडालं, फांदीला धडकून पडलं. ते गप्प झालं. मला वाटलं आता ती खाली येईल. ती आली नाही, पण तिचं बोलणंही थांबलं नाही. ते पिल्लू खोडापाशी गेलं. झाड एका अंगाला इतकं कललेलं होतं की खोडाचा उतारच झाला होता. त्यावरून ते नखांनी पकडत, पंख हलवत चढत गेलं, आणि फांदीवरून सरकत तिच्यापर्यंत पोहोचलं. तिने पंख उचलला, ते आत गेलं. बाकीचीही तिच्या दोन्ही बाजूंना सरकली. मग फांदीवर एकच मोठा आकार दिसायला लागला.

आम्ही तिथेच उभे होतो. बाबा म्हणाले, "ती पण अशीच होती."

कोण, हे मी विचारलं नाही.

"पोरं घरी आल्याशिवाय आडवी व्हायची नाही. मी रागवायचो. म्हणायचो, मोठी झाली आहेत, येतील. ती म्हणायची, तुम्ही झोपा. आणि ओसरीवरच्या दिव्याखाली तांदूळ निवडत बसायची. त्याच तांदळात पुन्हा खडे शोधायची."

घरी परत जाताना ते बोलत राहिले. दुसऱ्या संध्याकाळीही, आणि त्यानंतर जवळजवळ रोज. सासूबाईंना गाता येत नव्हतं पण त्या गायच्या. त्यांनी पाळलेल्या पोपटाने शेजाऱ्यांना बाबांच्या आवाजात हाका मारल्या होत्या. नवरा पहिल्यांदा हॉस्टेलवर गेला तेव्हा त्यांनी महिनाभर त्याच्या आवडीची एकही भाजी केली नव्हती. आजारपणाबद्दल ते फक्त एकदा बोलले, थोडक्यात. मी ऐकत होते. कधी मी नवऱ्याला रात्री यातलं काही सांगायचे, तर तो म्हणायचा, "हे मलाच माहीत नव्हतं." सप्टेंबरात तोही लॅबमधून लवकर यायला लागला आणि आमच्याबरोबर चालायला लागला.

बाबांनी नागपूरचं घर विकून पुण्याला नणंदेकडे राहायचं, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. त्यांनी तेव्हा हो म्हटलं होतं, कारण नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. ऑक्टोबरात निघायच्या आधी त्यांनी तिला फोन केला. मी शेजारीच पोळ्या लाटत होते. "घर राहू दे," ते म्हणाले. "मी तिथेच राहीन. जमेल मला. नाही जमलं तर सांगीन ना." नणंद बराच वेळ बोलत होती. ते ऐकून घेत होते आणि मधूनमधून पुन्हा तेच सांगत होते, आवाज न चढवता.

निघायच्या दिवशी बाईंनी त्यांना स्वतः विणलेला मफलर दिला. नागपूरला मफलर लागेल असे दिवस थोडेच, पण बाबांनी तो तिथेच गळ्यात घातला आणि विमानतळापर्यंत काढला नाही.

माझी डिग्री झाली, पुढच्या डिसेंबरात व्हिसाचाही प्रश्न सुटला, आणि लग्नानंतरच्या त्या आठवड्यानंतर पहिल्यांदा मी नागपूरला गेले. घर स्वच्छ होतं, बाबांनी एक बाई स्वयंपाकाला ठेवली होती, पण आंबट वरण स्वतः करायचे. दुपारी सासूबाईंच्या दोन बहिणी मला भेटायला आल्या. चहा झाला, आणि थोरल्या मावशी म्हणाल्या, "तुला ती भेटलीच कुठे गं! तिचं एकेक काय सांगू. एकदा आम्ही रामटेकला गेलो होतो, माकडाने तिची पर्स पळवली..."

"आणि त्या त्याच्यामागे झाडावर चढल्या," मी म्हटलं.

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या आणि पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसल्या. "बरं," म्हणाल्या, "मग पुढचं तू सांग."